बिलावर ‘कॉर्डिएराइट’ लिहिलं म्हणून शेल्फ कॉर्डिएराइटची होत नाही

मागच्या महिन्यात भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, भट्टीतली शेल्फ मधोमध आरपार चिरलेली, दोन तुकडे, वर ठेवलेले मग एकमेकांवर कलंडलेले आणि एकाचा कान तुटलेला. खाली एवढंच, "मामा, नवी होती हो ही." तिचा नाशिकला गंगापूर रोडला छोटासा पॉटरी स्टुडिओ आहे, इलेक्ट्रिक भट्टी आहे, मग, वाट्या, कुंड्या असं काय काय भाजत असते. मी काही पॉटरीवाला नाही, माझी उमर अंबडला हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांपुढे गेली, पण आमच्या घरात भट्टी हा शब्द आला की फोन मलाच येतो, मग ती भट्टी कसलीही असो.

संध्याकाळी जाऊन बघितलं. तिच्याकडे दोन जातीच्या शेल्फ आहेत. एक चार वर्षं जुनी, ग्लेझचे, म्हणजे भांड्यावरच्या चकचकीत काचेच्या लेपाचे, डाग पडलेली, कडा झिजलेल्या, दिसायला अगदी कळकट पण ठणठणीत. दुसरी दुसऱ्या दुकानातून आणलेली, जास्त गुळगुळीत, थोडी स्वस्त, आणि सहाव्या का सातव्या फायरिंगला गेली. दोन्ही बिलांवर कॉर्डिएराइट लिहिलेलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, "मॅडम, मटेरियल सेमच आहे." आता याला खोटं बोलणं म्हणता येत नाही कारण त्याला खरंच तसं वाटत असेल, पण मटेरियल सेम नसतं, आणि का नसतं ते तिला समजवायला मला चहाचे दोन राउंड लागले, तेच इथे लिहितोय.

आधी हे कॉर्डिएराइट प्रकरण काय आहे ते बघू. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन या तिघांचे ऑक्साइड, म्हणजे अनुक्रमे मॅग्नेशिया, ॲल्युमिना आणि सिलिका, ठराविक मापात एकत्र येऊन झालेला स्फटिक. मॅग्नेशियाचे 2, ॲल्युमिनाचे 2, सिलिकाचे 5 असा त्यांचा हिशोब, वजनात बघितलं तर 100 ग्रॅममधे अंदाजे 14 ग्रॅम मॅग्नेशिया, 35 ग्रॅम ॲल्युमिना आणि 51 ग्रॅम सिलिका. निसर्गात हे खनिज म्हणून सापडतं, पारदर्शक निळं-जांभळं असलं तर आयोलाइट नावाने अंगठीत बसतं, आणि नाव पडलंय पिएर लुई कॉर्डिए (1777–1861) या फ्रेंच भूशास्त्रज्ञावरून. पण आयोलाइट दळून कोणी शेल्फ बनवत नाही. शेल्फमधलं कॉर्डिएराइट कारखान्यातल्या भट्टीत, भाजता भाजता तयार होतं. कच्च्या मालात ते नसतंच. म्हणजे लोखंड आणून लोखंडाची कढई केली तसं हे नाही, हे दूध आणून दही लावण्यासारखं आहे, दही लागलं तर लागलं, नाहीतर भांड्यात जे काय असेल त्याला तुम्ही दही म्हणा नाहीतर अजून काही म्हणा.

एवढी खटपट करायची कशासाठी, तर कॉर्डिएराइट तापल्यावर फुगतच नाही म्हटलं तरी चालेल. 30 सेंटीमीटरची पट्टी घ्या आणि 1000 डिग्रीने तापवा. स्टील असेल तर साधारण साडेतीन मिलीमीटर वाढेल, ॲल्युमिना असेल तर अडीचच्या जवळ, आणि चांगलं कॉर्डिएराइट जेमतेम अर्धा मिलीमीटर. थंडीत साध्या काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतला की तडकतो ना, तो का तडकतो, तर आतली बाजू गरम होऊन फुगू बघते आणि बाहेरची अजून गारच असते, ती तिला फुगू देत नाही, या ओढाताणीत काच फाटते. भट्टीत हेच होतं, फक्त तिथे फरक शेकडो डिग्रीचा असतो. जी वस्तू फुगतच नाही तिच्यात ओढाताण होणार कशी? बाकी कॉर्डिएराइटमधे कौतुक करावं असं फार काही नाही बरं का. ताकदीला ॲल्युमिनाच्या पुढे ते किरकोळ, उष्णताही नीट वाहून नेत नाही. या एकाच गुणावर त्याचं दुकान चालतं, म्हणून तो गुण कशाने बिघडतो हे कळणं महत्त्वाचं.

आता कच्चा माल. सगळ्यात जुनी आणि अजून चालणारी रेसिपी म्हणजे शंखजिरं, चिनी माती आणि ॲल्युमिना. शंखजिरं म्हणजे टाल्क, ज्याची टाल्कम पावडर होते तेच. मी कागदावर हिशोब करून दाखवला भाचीला. शंखजिऱ्यात जवळजवळ 32 टक्के मॅग्नेशिया असतो आणि 63 टक्के सिलिका, उरलेलं पाणी. हे पाणी ओल्या फडक्यासारखं नाही, स्फटिकाच्या आत बांधलेलं. चिनी मातीत 39-40 टक्के ॲल्युमिना, 46 च्या आसपास सिलिका आणि 14 टक्के बांधलेलं पाणी. मॅग्नेशिया सगळा शंखजिऱ्यातून घ्यायचा, त्याच्यासोबत सिलिका येतेच, कमी पडणारी सिलिका चिनी मातीतून, आणि तरीही ॲल्युमिना कमी पडतो तेवढा वरून टाकायचा. हिशोब केला की शंखजिरं 40, चिनी माती 47 आणि ॲल्युमिना 13 असं काहीतरी येतं. कारखाने आपापल्या मालाप्रमाणे एक-दोन टक्के इकडेतिकडे करतात, पण पाया हाच.

मग थेट मॅग्नेशिया, ॲल्युमिना आणि वाळू का नाही घालत, असं तिने विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता. घालता येतं, पण तीन वेगळ्या पावडरींचे कण कितीही बारीक दळा, शेवटी कण म्हणजे कणच, एकाच्या आतला अणू दुसऱ्याच्या आत पोचायला लांबचा प्रवास, आणि घन पदार्थात अणूंचा प्रवास फार रडतखडत होतो. शंखजिऱ्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन आधीच एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असतात, चिनी मातीत ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन तसेच. निम्मं मिक्सिंग निसर्गानेच करून दिलंय. शिवाय चिनी माती ओली झाली की मळता येते, तिला आकार देता येतो, आणि नुसता मॅग्नेशिया पाण्यात टाकला तर तो पाण्याशीच रिॲक्शन करत बसतो, ते वेगळं झंझट.

पण निसर्गाने मिक्सिंग फुकट करून दिलं की त्यात त्याचा कचराही येतो. आपल्याकडे शंखजिरं मुख्यतः राजस्थानातून येतं, चिनी माती गुजरात, राजस्थान, केरळकडून, आणि प्रत्येक खाणीचा माल वेगळा. शंखजिऱ्यात चुना आणि लोखंड येतं, चिनी मातीत सोडा आणि पोटॅश येतो. एक-दोन टक्क्यांनी काय होतंय असं वाटतं. होतं. हे सगळे भट्टीत फ्लक्स म्हणून वागतात, म्हणजे माल लवकर वितळवायला मदत करतात, वितळलेल्या भागाची थंड झाल्यावर काच होते, आणि काच फुगते कॉर्डिएराइटच्या कितीतरी पट. चुना तर ॲल्युमिना आणि सिलिका पळवून स्वतःचं वेगळंच खनिज बनवतो, अनॉर्थाइट नावाचं, तेही जास्त फुगणारं. म्हणजे तुम्ही विकत घेतलेला एकुलता एक गुण या एक-दोन टक्क्यांत पातळ होतो. लोखंडाने रंग बिस्किटासारखा होतो, पण रंगावरून मालाची पारख करू नका, पांढऱ्याफटक शेल्फमधेही सोडा-पोटॅश असू शकतो, त्यांना रंग नसतो.

यावर तिचा पुढचा प्रश्न एकदम नाशिककर, "मग आपली माती का नाही चालत?" आपली काळी माती बेसॉल्टची, दख्खनच्या काळ्या दगडाची, आणि बेसॉल्टमधे लोखंड आणि चुना दोन्ही भरपूर. मडक्याला, पणतीला ती उत्तम, कारण कुंभाराच्या आव्यात ताप 1000 डिग्रीच्या आतच राहतो. तीच माती 1200 च्या वर न्या, फुगेल, वाकेल, शेवटी शेल्फवर काळी काच होऊन चिकटेल. द्राक्षाला सोनं असलेली जमीन भट्टीत कामाची नाही, काय करणार. मात्र दुसऱ्या दोन गोष्टी आपल्या आसपास आहेत ज्यांच्यावर जगभर प्रयोग झालेत, एक म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख, आपल्या एकलहऱ्याला निघते तशी, आणि दुसरी भाताच्या तुसाची राख, घोटी-इगतपुरीकडे भाताच्या गिरण्या आहेतच. तुसाच्या राखेत बहुतेक सिलिकाच असते आणि ती इतकी बारीक आणि अस्ताव्यस्त असते की पटकन रिॲक्शनला येते. कोळशाच्या राखेत ॲल्युमिना आणि सिलिका दोन्ही आयते मिळतात, फक्त लोखंड आणि चुना पाहुण्यासारखे सोबत येतात आणि त्यांना काढायचा खर्च केला की फुकट राख फुकट राहत नाही. प्रयोगशाळेत कॉर्डिएराइट होतं यातून. पण रोजच्या कारखान्यात रोज तोच माल यायला हवा, आणि राख रोज सारखी नसते.

अजून एक गोष्ट, कणांची जाडी. शंखजिरं बारीक असेल तर रिॲक्शन कमी तापावर आणि जास्त पूर्ण होते. जाड असेल तर जिथे शंखजिऱ्याचा कण होता तिथे भाजल्यावर पोकळी राहते, कारण तो वितळून आजूबाजूच्या मालात शोषला जातो आणि त्याची जागा रिकामी पडते. ही पोकळी नेहमी वाईटच असते असं नाही, डिझेलच्या धुरातली काजळी गाळायच्या फिल्टरमधे अशा पोकळ्या मुद्दाम हव्या असतात, म्हणून तिथे शंखजिऱ्याची जाडी निवडून घेतात. ॲल्युमिना जाड राहिला तर मात्र तो अर्धवट न विरघळता तसाच बसून राहतो. आणि चिनी माती सगळी कच्ची घातली तर पाणी जाताना आणि भाजताना माल इतका आकसतो की भट्टीतच भेगा पडतात, म्हणून तिच्यातला काही भाग आधीच भाजून घेतात आणि भाजलेली-कच्ची मिसळून वापरतात. रव्यात थोडा भाजलेला रवा मिसळल्यासारखं.

आता भट्टी. हा माझा प्रांत, इथे जरा रेंगाळतो.

माल भट्टीत गेला की पहिल्यांदा ओल जाते. मग 500-600 डिग्रीच्या पट्ट्यात चिनी माती आपलं बांधलेलं पाणी सोडते, हे नुसतं वाळणं नाही, तिची घडी मोडते, इथून परत माती होणं नाही. इथे घाई केली तर वाफ माल फोडून बाहेर येते. शंखजिरं जास्त चिवट, ते 850 ते 1000 च्या दरम्यान मोडतं आणि त्यातून एन्स्टाटाइट नावाचं मॅग्नेशियम सिलिकेट आणि सुटी सिलिका होते. 1000 च्या आसपास मोडलेल्या चिनी मातीत मुलाइटचे (ॲल्युमिना आणि सिलिका मिळून होतं ते) बारीक स्फटिक यायला लागतात, काही ठिकाणी स्पिनेल (मॅग्नेशिया आणि ॲल्युमिना मिळून) होतं. लक्षात घ्या, 1100 डिग्रीला भट्टी लालभडक-नारिंगी झालेली असते, माल कडक झालेला असतो, बाहेर काढला तर शेल्फसारखाच दिसेल, पण त्यात कॉर्डिएराइटचा पत्ता नसतो. 1200 च्या पुढे ते दिसायला लागतं, आणि आधी तयार झालेली ही सगळी मधली मंडळी एकमेकांना खाऊन पूर्ण कॉर्डिएराइट व्हायला साधारण 1350 ते 1400 च्या दरम्यान काही तास थांबावं लागतं.

मग अजून वर का नाही जायचं, लवकर उरकेल. तर 1460 च्या आसपास कॉर्डिएराइट स्वतःच मोडतं, त्याचं मुलाइट आणि पातळ द्रव होतो. पण त्या आधीच, एकदम शुद्ध मालातही, मॅग्नेशिया-ॲल्युमिना-सिलिकाच्या काही मापांना 1355 डिग्रीलाच द्रव सुटायला लागतो, आणि सोडा-पोटॅश-चुना असला की अजून अलीकडे. मी भाचीला म्हटलं पाक करताना बघ, कितीतरी वेळ काहीच होत नाही, तू ढवळत राहतेस, मग एकतारी येतो आणि तुझं लक्ष फोनकडे गेलं की दोनतारी होऊन कडक. कॉर्डिएराइटचं सिंटरिंग असंच आहे. खाली कण एकमेकांना चिकटायला तयार नसतात, वर अचानक इतका द्रव होतो की शेल्फ वाकते, आणि मधली जागा जेमतेम वीस-तीस डिग्रीची. भट्टीच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात तेवढा फरक सहज असतो, मी स्वतः मोजलाय, वेगळ्या मालासाठी पण भट्टी ती भट्टीच. एकाच लॉटमधली एक शेल्फ कच्ची आणि एक वाकलेली निघू शकते.

सिंटरिंग म्हणजे काय ते राहिलंच. पावडर दाबून आकार दिलेली असते, ती न वितळवता एकसंध करायची. पावसाळ्यात साखरेच्या डब्यात दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं, साखर वितळलेली नसते पण दाण्यादाण्यात मान, म्हणजे बारीकसा जोड, तयार झालेली असते. साखरेत ते काम ओलाव्याने होतं, इथे तापाने, अणू कणाच्या पृष्ठभागावरून सरकत सरकत दोन कणांच्या खाचेत जाऊन बसतात, मान जाड होत जाते, मधल्या पोकळ्या लहान होत जातात, माल आकसतो आणि घट्ट होतो. कॉर्डिएराइटचे अणू या कामाला आळशी. त्यामुळे थोडासा द्रव सुटला तर बरंच वाटतं, द्रव खाचांमधे शिरून कण ओढून घेतो, पण तोच द्रव थंड झाला की काच. म्हणजे ज्याच्या मदतीने माल घट्ट होतो त्यानेच फुगणं वाढतं. एवढ्यासाठी कारखान्यात शेवटी कोणीतरी ठरवावं लागतं, आपल्याला घट्ट हवंय का न फुगणारं हवंय. इलेक्ट्रिकल कामाला, जिथे पाणी शोषलेलं चालत नाही, तिथे घट्टपणाकडे झुकतात. भट्टीच्या शेल्फला घट्टपणाची तेवढी गरज नाही, उलट थोड्या पोकळ्या असतील तर भेग पळत पळत पोकळीपाशी येऊन थांबते. भाचीला नवी शेल्फ गुळगुळीत आणि घट्ट म्हणून जास्त चांगली वाटली होती. तिथेच फसली.

आणि अर्धवट भाजलं तर? हा आमच्या केसचा मुद्दा. 1350 ला चार तास ठेवायच्या ऐवजी 1280-1300 ला तासभर ठेवून भट्टी बंद केली, गॅस वाचला, तर मधली मंडळी उरतात. कुठे न विरघळलेला ॲल्युमिना, कुठे स्पिनेल, कुठे मुलाइट, कुठे एन्स्टाटाइट. मुलाइट अर्धवट फुगणारं, ॲल्युमिना आणि स्पिनेल त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि हे सगळे न फुगणाऱ्या कॉर्डिएराइटच्या शेजारी कोंबलेले. पण यांच्यापेक्षा वाईट पाहुणा वेगळाच आहे, क्रिस्टोबलाइट. शंखजिरं मोडताना जी सुटी सिलिका निघाली, चिनी मातीतून जी वर आली, तिला कॉर्डिएराइटमधे जायची संधी मिळाली नाही तर तिचं क्रिस्टोबलाइट होतं, आणि ते थंड होताना साधारण 270 ते 200 डिग्रीच्या दरम्यान अचानक आकसतं. हळूहळू आकसलं असतं तर चाललं असतं, हे पायरी चुकल्यासारखं एकदम खाली येतं. कुंभारकाम करणाऱ्यांना हा अनुभव असतो, भट्टी बंद होऊन बारा तास झालेत, आत आता काय होणार असं म्हणावं आणि ‘टक्क’ असा आवाज यावा.

मी विचारलं, "भट्टी कितीला उघडलीस?" ती गप्प. मग म्हणाली, "अडीचशेला थोडं झाकण उचललं होतं, प्रदर्शन होतं ना मामा दुसऱ्या दिवशी." म्हणजे नेमकं तिथेच. पण तिचंही एक म्हणणं बरोबर होतं, जुनी शेल्फ त्याच भट्टीत होती, झाकण तिच्यावरूनही उचललं होतं, तिला काही झालं नाही. घाई तिची, पण घाई सहन करणं हेच तर कॉर्डिएराइटचं काम, त्यासाठीच पैसे मोजतो आपण.

एक भाग मला स्वतःला फार आवडतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉर्डिएराइट कमी फुगतं हे म्हणणं अर्धंच खरं आहे. त्याच्या एका स्फटिकात दोन दिशांना ते फुगतं, आणि तिसऱ्या दिशेला तापल्यावर चक्क आकसतं. शेल्फमधे असे असंख्य स्फटिक वेड्यावाकड्या दिशांना पडलेले असतात, एकाचं फुगणं दुसऱ्याच्या आकसण्यात जिरतं, आणि सरासरी जवळजवळ शून्याकडे येते. शिवाय या आपापसातल्या ओढाताणीने आत अतिसूक्ष्म भेगा पडतात, त्या भेगाही तापल्यावरचं फुगणं गिळतात. मग प्रश्न येतो, स्फटिक वेडेवाकडे पडू न देता एका दिशेला लावले तर? हे अमेरिकेत कॉर्निंग कंपनीत घडलं. तिथे 1970 चा स्वच्छ हवेचा कायदा आला, 1975 च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारे डबे, लावायचे होते, आणि त्याच्यात बसवायला असंख्य बारीक भोकांचा सिरॅमिक ठोकळा हवा होता जो थंड इंजिन सुरू झाल्यापासून काही मिनिटांत शेकडो डिग्री तापेल आणि तरी फुटणार नाही. रॉडनी बॅगली, इर्विन लॅकमन आणि रोनाल्ड लुइस या तिघांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे.

त्यांनी केलं ते आपल्याला समजायला सोपं, कारण आपल्या घरी सोऱ्या असतो. ओला मळलेला माल दाबून डायमधून बाहेर काढायचा, शेव पाडतो तसा, फक्त इथे शेवेच्या उलट, चाळणीच्या भोकांऐवजी फटींची जाळी, त्यामुळे बाहेर येतो तो भोकाभोकांचा मधाच्या पोळ्यासारखा ठोकळा. शंखजिरं आणि चिनी मातीचे कण गोल नसतात, ते पत्त्यांसारखे चपटे असतात, आणि अरुंद फटीतून दाबून जाताना सगळे पत्ते भिंतीला समांतर आडवे होतात. त्या लावलेल्या पत्त्यांतून भाजताना जे कॉर्डिएराइट उगवतं तेही रांगेत उगवतं, त्याची आकसणारी दिशा नेमकी भिंतीच्या पातळीत येते, आणि ठोकळ्याचं फुगणं साध्या कॉर्डिएराइटपेक्षाही खाली जातं. म्हणजे कच्च्या मालाच्या कणाचा नुसता आकार, भट्टीत जायच्या आधी, शेवटच्या गुणाला कारण होतो. कच्चा माल बदला, तीच केमिस्ट्री पण गोल कणांचा घ्या, आणि हा फायदा गेला. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत नव्या गाड्यांना एप्रिल 1995 पासून कन्व्हर्टर आले. पुढच्या वेळी कसारा घाट चढून गाडी थांबवाल आणि खालून टिक-टिक आवाज येईल, तो बहुतेक लोखंडी पाइपांचा असतो. आतला सिरॅमिक ठोकळा गप्प असतो, कारण त्याला आकसायला फारसं काही नसतंच.

आणि एक गंमत, उच्च तापाला कॉर्डिएराइटची जी षट्कोनी जात तयार होते तिला इंडियालाइट म्हणतात, आपल्या देशावरून. बोकारोच्या कोळशाच्या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा पेटून आजूबाजूचा शेल नावाचा मातीचा खडक भाजला गेला, त्यात हे सापडलं आणि 1954 मधे मियाशिरो आणि इयामा या जपानी शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं. म्हणजे आधीच एक भट्टी निसर्गाने लावून ठेवली होती, ताप मोजायला थर्मोकपल नाही, कंट्रोलर नाही, वेळेची घाई नाही.

असो, शेल्फकडे येतो. भट्टीच्या शेल्फ बहुतेक शुद्ध कॉर्डिएराइटच्या नसतातच, त्यात मुलाइटचे किंवा आधी भाजलेल्या मातीचे जाड दाणे घालतात, म्हणजे वजनाने वाकत नाही, आणि त्या दाण्यांना धरून ठेवणारा मसाला कॉर्डिएराइटचा. दाण्याने थोडं फुगणं वाढतं पण 1250 डिग्रीला वर दहा किलो भांडी घेऊन उभं राहायचंय तर ते चालतं. आता मसाला नीट झालाय की नाही हे घरी कसं ओळखायचं? खरं उत्तर एक्सरे डिफ्रॅक्शन, त्यात कोणता स्फटिक किती आहे ते सरळ दिसतं, पण एका शेल्फसाठी कोण करणार. दुकानदाराला दोन प्रश्न विचारता येतात, कारखान्यात कितीला भाजली आणि किती वेळ धरली, आणि फुगण्याचं प्रमाण किती. चांगला बनवणारा दुसऱ्या प्रश्नाला आकडा सांगतो, दर डिग्रीला दहा लाखात 2 ते 3 भाग वगैरे, बाकीचे "मॅडम, मटेरियल सेमच आहे" म्हणतात.

वाजवून बघायचं तर मडक्यासारखं वाजवा, बोटांवर तोलून लाकडाच्या दांडीने, भेग असेल तर आवाज बद्द येतो. त्याने भेग कळते, आत क्रिस्टोबलाइट आहे का ते कळत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि ग्लेझचा थेंब शेल्फवर सांडला तर तो तसाच ठेवून पुढची फायरिंग करू नका, ग्लेझमधे सोडा-पोटॅश भरलेला असतो, तो दरवेळी थोडा आत मुरतो आणि तेवढ्या जागेत कॉर्डिएराइटची काच करतो, म्हणजे कारखान्याने जे टाळलं ते तुम्ही घरी करता. खरवडून काढा, ॲल्युमिना आणि चिनी मातीचा लेप परत लावा.

तिने दोन तुकडे फेकले नाहीत. अंबडला आमच्या ओळखीच्या एकाकडे डायमंड कटर आहे, कडा सरळ करून अर्ध्या-अर्ध्या दोन शेल्फ झाल्या, लहान तुकड्यात ओढाताणही कमी होते. त्यावर ती आता पणत्या आणि वाट्या भाजते, आणि कंट्रोलर 100 च्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही, असं ती सांगते तरी.